काचेतली झोप

देवाने माणसाला श्वास फुकट दिला, ऊन फुकट दिलं, झोपही फुकट दिली. त्यातल्या झोपेवर या घराण्याने तीन पिढ्या दुकान चालवलं. देव वरून बघत होता आणि गालातल्या गालात हसत होता. त्याचं ते हसू कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं ते त्या रविवारी दुपारी, घराण्याचा थोरला मुलगा भर गर्दीसमोर, दुकानाच्या काचेच्या खिडकीत, कोऱ्या करकरीत गादीवरून ताडकन उठून बसला तेव्हा.

उठला, आणि बोलला.

काच जाड होती. बाहेर फुटपाथवर उभ्या असलेल्या लोकांना त्याचे ओठ हलताना दिसले, पण आवाज काही आला नाही. दाराशी स्टुलावर चढून गर्दीला माहिती देणारा धाकटा भाऊ क्षणभर गडबडला. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या घशाच्या जोरावर कमावलं होतं. त्याने भावाच्या ओठांकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘झोप’ एवढा शब्द ओळखता आला. पुढचं त्याने धंद्याच्या सोयीने जुळवून घेतलं.

“ऐकलंत ना मंडळी?” भोंगा ओरडला. “दादा म्हणतायत, झोप आवरत नाही!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काचेआड दादाने तेच पुन्हा म्हटलं. या वेळी मान हलवून, हात जोडून.

“बघा, बघा! हात जोडून सांगतायत, मला परत झोपू द्या!”

टाळ्या आणखी वाढल्या. दादा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने उशी बाजूला ठेवली, चादरीची नीट घडी घातली, कारण हाताची सवय जात नाही, आणि खिडकीच्या मागच्या बुटक्या दारातून वाकून आत निघून गेला.

रिकाम्या गादीकडे बघत गर्दी थांबली. पुढे खुर्ची टाकून बसलेले लॉजवाले, ज्यांना नव्या लॉजच्या सगळ्या खोल्यांसाठी गाद्या हव्या होत्या आणि जे मुद्दाम ही झोप बघायला आले होते, भोंग्याकडे वळून अदबीने म्हणाले, “हे झोपेत चालतात का?”

“आलोच,” म्हणून भोंगा स्टुलावरून उतरला आणि आत धावला.

खिडकीत झोपायची ही पद्धत आजोबांची. दुकान नवं होतं, गिऱ्हाईक येत नव्हतं, तेव्हा एका दुपारी थकून ते खिडकीतल्या नमुन्याच्या गादीवरच लवंडले. जागे झाले तर काचेबाहेर ही गर्दी. तेव्हापासून रविवारची दुपार म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाने काचेआड झोपायचं, असा नेमच पडला. बोर्डावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘पाठ टेकली, झोप लागली’. आजोबांनंतर अण्णा झोपले. अण्णा असे झोपले की त्यांच्या घोरण्याने काच थरथरायची, आणि ती थरथर बघायला शेजारच्या गल्लीतून माणसं यायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर अण्णांना खिडकीत चढणं जमेना, आणि उशी दादाच्या हाती आली.

मागच्या खोलीत कापसाचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. पिंजण्याचं यंत्र फडक्याखाली गप्प बसलं होतं. भिंतीलगत एक अरुंद लाकडी बाक होता, शिवणाऱ्यांनी पेंग येऊ नये म्हणून मुद्दाम तसा करून घेतलेला. दादा त्या बाकावर बसला होता. समोर अण्णा, तयार गाद्यांच्या थप्पीवर, ज्याला घरात सिंहासन म्हणत. अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या, जमिनीवर बसून वाकड्या सुईने गादीची कड शिवत होती. दादाची बायको, म्हणजे भोंग्याची वहिनी, कापायच्या टेबलाशी कात्री धरून उभी होती, आणि कापत काहीच नव्हती.

“काय झालं रे?” अण्णांनी विचारलं. “मुंगी चावली?”

“टाचणी राहिली असेल आत,” भोंगा धापा टाकत म्हणाला.

“टाचणी राहायला ती काय बाजारातली गादी आहे?” आत्या कडाडली. “मी शिवलीय ती. जीभ आवर.”

“मग हा उठला कशाला? बाहेर लॉजवाले विचारतायत, हे झोपेत चालतात का!”

दादाने खाली बघत, अगदी साध्या आवाजात सांगितलं, “मी म्हटलं, मला झोप येत नाही.”

“असं म्हटलंस?” भोंगा खाली बसला. “अरे देवा. मी भलतंच सांगितलं.”

“आज येत नसेल,” अण्णा म्हणाले. “जेवण जड झालं असेल.”

“आजचं नाही अण्णा. कित्येक महिने झाले. रात्री छताकडे बघत पडतो. आणि खिडकीत तर मला कधीच झोप लागली नाही. नुसता डोळे मिटून पडतो.”

“मग ते घोरणं?”

“ते मी काढतो.”

आत्याची सुई थांबली. “वाटलंच मला! आपल्या घराण्यात आजवर कुणी शिट्टी मारत घोरलेलं नाही.”

“हळू! हळू बोला सगळे!” भोंग्याने उठून दुकानाकडचं दार लोटलं. “बोर्डावर काय लिहिलंय माहितीय ना? ज्याने गाद्या करायच्या त्यालाच झोप नाही, हे बाहेर गेलं तर उद्यापासून मी स्टुलावर चढून काय सांगू?”

“तू काय सांगणार! खरं सांगितलेलं तुला कुठं कळतं?” अण्णांनी त्याला गप्प केलं, आणि मोर्चा थोरल्याकडे वळवला. त्यांचं पुराण एकदा सुरू झालं की मंगलाचरणापासूनच व्हायचं. “माझ्या वडिलांनी ही गादी मांडली. मी ती चालवली. मोठ्या विश्वासाने मी तुला या गादीवर बसवलं—”

“बसवलं नाहीत अण्णा,” दादा म्हणाला. “झोपवलंत.”

वहिनीला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्ही लपवायला कात्री उगाच एकदा वाजवली.

हे सगळं तिला पहिल्यापासून माहीत होतं. रात्री शेजारची जागा गार असायची आणि स्वयंपाकघरात नळाचा बारीक आवाज यायचा. काम करता करता तो मध्येच थांबायचा, आणि कुठे पोचला होता ते त्यालाच आठवायचं नाही. तिनेच त्याला हाताला धरून नेलं होतं. तिकडच्या बाईंनी सांगितलं होतं, बाकी सगळं आपण सावकाश बघू, पण घरच्यांना एकदा सांगा. हे लपवण्यातच तुमची अर्धी ताकद जातेय. मग किती रविवार त्याने स्वयंपाकघरात तालीम केली होती! ती अण्णा व्हायची, तीच आत्या व्हायची. अण्णा तिला बरे जमायचे. आणि दर वेळी तो म्हणायचा, पुढच्या रविवारी नक्की. आज एकदाचं बोलला, तर काचेला.

आता पुढचं बोलू देत, एवढंच तिने देवाकडे मागितलं. सगळ्यांनी मिळून त्याला परत त्या काचेत ढकललं, तर तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

देवाने ऐकलं असावं. पण देवाने निरोप धाडला तो भोंग्याच्या तोंडून, आणि भोंगा निरोप कसे पोचवतो ते आपण आत्ताच पाहिलं.

“थांबा!” भोंगा ओरडला. “तरीच! गुरुवारी हा दुपारचा जातो कुठे? मी पाहिलंय याला. औषधाच्या दुकानावरचा जिना चढताना. खाली येतो तेव्हा चेहरा कसा, आंघोळ करून आल्यासारखा. दादा, कोण राहतं तिथे?”

“एक बाई आहेत,” दादा म्हणाला.

आत्याने सुई सरळ जमिनीत रोवल्यासारखी गादीत रोवली. अण्णांनी सुनेकडे पाहिलं, मग छताकडे.

“मी त्यांच्याकडे जातो. तासभर बोलतो. बरं वाटतं.”

“नुसता बोलतोस?” आत्याने विचारलं.

“पहिले काही दिवस नुसता बसून असायचो. आता कधीकधी आडवा पडतो.”

खोलीतला कापूसही कान देऊन ऐकू लागला. आत्याने घसा साफ केला. तिच्या मनात जो प्रश्न आला तो दुसऱ्या कुठल्याही घरातल्या आत्याच्या मनात आला नसता.

“कशावर?”

“काय कशावर?”

“आडवा कशावर पडतोस?”

“कोचावर.”

“कुणी केलेला?”

“मला काय माहीत आत्या! त्यांच्याकडचा आहे. आधीपासूनचा.”

“कापसाचा की फोमचा?” अण्णा थप्पीवरून पुढे झुकले.

दादा खोटं बोलू शकला असता. पण बाईंकडे जायला लागल्यापासून त्याची ती सवय सुटत चालली होती. “फोमचा,” तो म्हणाला.

अण्णांनी कपाळावर हात मारला. “ऐकलंस? माझा मुलगा! दुसऱ्याच्या फोमवर आडवा पडतो, आणि वर म्हणतो, बरं वाटतं!”

“एखादी बाई असती तर समजुतीने घेतलं असतं,” आत्या पदराने डोळे टिपत म्हणाली. “माणूस चुकतो. पण कोच? अरे, आमच्या गाद्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?”

“फुटला हा!” भोंगा खोलीत फेऱ्या मारू लागला. “फोमवाल्यांनी फोडला याला. आता त्यांच्या खिडकीत झोपणार. आणि तिथे लागेल याला झोप, बघाच तुम्ही!”

“पुरे!”

हे वहिनी म्हणाली. इतकी वर्षं या घरात तिचा आवाज कात्रीच्या आवाजापेक्षा मोठा झाला नव्हता, त्यामुळे सगळे एकदम तिच्याकडे वळले. भोंगा एक पाय उचललेला तसाच उभा राहिला.

“त्या बाई मनाच्या डॉक्टर आहेत. मीच घेऊन गेले यांना. बाहेरच्या बाकड्यावर दर गुरुवारी मीच बसलेली असते. भावजी, जिन्यावर हे दिसले आणि यांच्यामागे मी दिसले नाही तुम्हाला?”

“मी... दादाकडेच बघत होतो.”

“मनाच्या डॉक्टर?” अण्णा सिंहासनावर ताठ झाले. “म्हणजे याला काय वेड लागलंय? धडधाकट आहे. दोन वेळा जेवतो.”

“जेवत नाहीत, अण्णा. ताटात हलवतात. तुम्ही तुमच्या ताटात बघून जेवता, म्हणून दिसत नाही. तुमच्या गुडघ्याला डॉक्टर लागला तेव्हा कुणी म्हटलं का, यांना लंगडं लागलंय? गुडघ्याचा डॉक्टर गुडघा बघतो. या बाई काळजी बघतात. आणि एक गोळीही दिलीय डॉक्टरांनी, ती मी रोज देते. हळूहळू उतार पडेल म्हणाल्यात.”

“गोळी!” आत्या कुजबुजली. “आणि मला कुणी बोललं नाही.”

दुकानाकडच्या दारावर टकटक झाली. लॉजवाल्यांचा आवाज आला, “झोप आहे की संपली?”

भोंगा तोंडावर हात ठेवून म्हणाला, “दादा, आज एकदा. आजच्या दिवस पड. डोळे मिट, शिट्टी मार, काय वाटेल ते कर. लॉजवाले गेले की मग आपण तुझं मन बघू.”

दादाने वहिनीकडे पाहिलं. तिला ती नजर ओळखीची होती. हो म्हणायच्या आधी तो असाच बघायचा. तिने मान हलवली नाही, हात केला नाही, काहीच केलं नाही. त्याचं त्यानेच म्हणायला हवं होतं.

“नाही,” दादा म्हणाला. “भोंग्या, मी आता काचेत झोपणार नाही. आजही नाही, पुढच्या रविवारीही नाही.”

बोलून झाल्यावर त्याने बाकाची कड घट्ट धरली. जणू आता छत खाली येणार. पण छत आपल्या जागीच राहिलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“उठा!” अण्णा थप्पीवरून घसरत खाली आले. “बाजूला व्हा सगळे. गुडघे गेले खड्ड्यात. झोप म्हणजे काय असते ते मीच दाखवतो आज. भोंग्या, हात दे.”

अण्णा खिडकीत शिरले तेव्हा बाहेर जल्लोष झाला. जुनी माणसं नव्यांना सांगू लागली, आता बघा, काच कशी थरथरते ती. अण्णांनी चादर अंगावर घेतली, उशीला एक थाप मारली, उजव्या कुशीवर वळले आणि देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. आयुष्यभर एवढंच पुरलं होतं. नाव पुरं व्हायच्या आत ते पैलतीरी पोचायचे.

नाव पुरं झालं.

अण्णांनी ते पुन्हा घेतलं. पुन्हा पुरं झालं. गादी मऊ होती, आत्याच्या हातची, कड दोरीसारखी सरळ. पण गादीत दादाच्या पाठीचा उबारा अजून होता, आणि तो उबारा अण्णांना लागू लागला. ताटात हलवतो? कधीपासून? काल समोर बसून जेवला, नव्हे, बसला होता. परवा? परवा कोण बसलं होतं समोर?

त्यांनी कूस बदलली. काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं, “वळले.” अण्णांना आश्चर्य वाटलं. आतला आवाज बाहेर जात नाही, पण बाहेरचा दाराच्या फटीतून आत येतो, हे त्यांना एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं. कळायला ते जागे कधी होते? आता त्यांना सगळं ऐकू येत होतं. “थोरला बरा झोपायचा.” “छे, थोरला नुसता दिखाऊ.” “हे म्हातारबुवा पायाची बोटं का हलवतायत?” अण्णांनी बोटं थांबवली. थांबवली तर नाक खाजू लागलं. डोळे मिटलेले ठेवणं हे इतकं कष्टाचं काम असतं? पापण्या ओढून धरून त्यांचं कपाळ दुखायला लागलं.

आणि हे पोर रविवारमागून रविवार इथे पडून ऐकत होतं.

अण्णांनी घोरायचा प्रयत्न केला. जो आवाज आला त्याला शिट्टीही म्हणता येईना.

इकडे मागच्या खोलीत आत्या उठून बाकाजवळ आली होती. तिला रागवायचं होतं, पण कुठून सुरू करावं ते सापडेना. म्हणून तिने दादाच्या शर्टाची बाही हातात धरली. मनगटाजवळ सुईच्या भोकांची एक बारीक रांग होती.

“हे तेव्हाचं ना?” तिने विचारलं.

“हो.”

मागे एकदा गादीची कड शिवताना दादाने स्वतःची बाही तिच्यात शिवून टाकली होती. उठून चालायला लागला तेव्हा गादी मागून आली. घरभर हसू पिकलं होतं, भोंग्याने ती गोष्ट गिऱ्हाइकांना नकलेसकट सांगितली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने आत्या हसली होती.

“कळलं नाही तुला? सुई मनगटाला लागली नाही?”

“लागली. पण ते मनगट माझं आहे असं वाटलं नाही.”

आत्याला हसू आलं नाही. तिने बाही नीट केली, पुन्हा नीट केली. “गुठळ्या झाल्यात तुझ्या,” ती शेवटी म्हणाली. “आतून. वरून खोळ चांगली दिसते, म्हणून आम्ही कुणी हात फिरवून बघितला नाही. मी तर बघायला हवं होतं रे. माझं कामच ते.” आणि लगेच तिला दुसरी शंका आली. “काय गं सूनबाई, त्या बाई पिंजतात कसं? दुखतं का याला?”

“दुखतं,” वहिनीच्या आधी दादाच म्हणाला. “पण बेताने करतात. पहिल्या दिवशी तर मी काहीच बोललो नाही. कोचाची कडेची शिवण उसवलीय त्यांच्या. तिच्यात बोट घालून नुसता बसलो.”

“उसवलीय?” आत्याचे डोळे चमकले. “किती?”

“वीतभर असेल.”

“आणि तसंच ठेवलंय? पेशंट येतात, जातात, आणि तसंच?”

“आत्या, मी काय सांगतोय आणि—”

“ऐकतेय रे बाबा. सगळं ऐकतेय. तू बोल.” ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली, आणि या वेळी तिने सुई हातात घेतली नाही. ज्यांनी आत्याला ओळखलं आहे त्यांना यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको.

बुटकं दार करकरलं. अण्णा परत आले. भोंगा मागून त्यांची चादर सावरत होता.

“काय झालं, अण्णा?” वहिनीने विचारलं.

“येईना,” अण्णा म्हणाले.

“काय येईना?”

“झोप. येईना.” ते सिंहासनाकडे गेलेच नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या शेजारी, जपून टेकले. इतकी वर्षं झाली, त्या बाकावर त्यांनी कधी बूड ठेवलं नव्हतं. “काय रे, असंच होतं का तुला? हे कपाळ ओढतं, नाक खाजतं, लोक बोलतात?”

“हो.”

“आणि रात्रीही?”

“रात्री लोक नसतात. पण बोलणं असतं.”

अण्णांनी पंच्याने कपाळ पुसलं. “मी एवढासा पडलो तर घामाघूम झालो,” ते पुटपुटले. “तू कसा रे काढलास?” त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, तोही ओशाळल्यासारखा, नवी गादी आहे आणि डाग पडेल की काय अशा बेताने. “गुरुवारी जात जा. सूनबाई, याला चुकवू देऊ नकोस. फोम तर फोम.”

“आणि खिडकी?” भोंग्याने विचारलं. आता त्याचा आवाज भोंग्याचा राहिला नव्हता.

“खिडकीत गादी ठेव. गादी विकायची आहे आपल्याला, माणूस नाही.”

“मग बोर्डाचं काय? ‘पाठ टेकली, झोप लागली’?”

“पुढे ‘तर बरं’ असं लिही,” आत्या म्हणाली.

“तर बरं? कुणी घेईल का अशी गादी?”

“खरं बोलणाऱ्याची घेतील!”

“कोण घेतं? नाव सांग एक! मी स्टुलावर उभा असतो, तू असतेस का?”

“तू स्टुलावर असतोस म्हणूनच सांगतेय! आज याने काय सांगितलं आणि तू काय ओरडलास!”

“काच जाड आहे!”

“काच नाही, कान जाड आहेत तुझे,” अण्णा मध्ये पडले. “आणि लहानपणापासून आहेत. तुझ्या आईनेही एकदा सांगितलं होतं, दूध उतू जातंय म्हणून, आणि तू सगळ्या गल्लीत सांगितलंस—”

“अण्णा, ती गोष्ट आत्ता नको!”

“का नको? सूनबाईने ऐकलेली नाही.”

“ऐकलीय,” वहिनी म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलीय.” आणि मग तिने एकदम ओठांवर बोट ठेवलं.

कुणी बघितलं नाही. भोंगा बोर्डाचा नवा मजकूर सुचवत होता, आत्या तो मोडीत काढत होती, अण्णा दुधाच्या गोष्टीत शिरले होते. वहिनीने पुढे होऊन एकेकाच्या तोंडासमोर हात धरला आणि डोळ्यांनी दाखवलं.

दादा झोपला होता.

बसल्या जागी, पाठ भिंतीला, डोकं कापसाच्या गठ्ठ्याकडे कललेलं, तोंड थोडं उघडं. अण्णांचा हात अजून त्याच्या पाठीमागे अडकलेला. घरची माणसं त्याच्याभोवती कोकलत होती, आणि तो त्या गलक्यात असा झोपला होता, लहान मूल झोपतं तसा.

खोलीतला आवाज विझला. अण्णांनी हात काढून घ्यायचा विचार केला आणि सोडून दिला. त्यांचा गुडघा ठणकत होता, हाताला मुंग्या येत होत्या, आणि चेहऱ्यावर मात्र अशी प्रसन्नता होती की जणू कुणी समोर येऊन दर्शन दिलं.

“बाकावर,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. “गाद्यांच्या घरात. लाकडी बाकावर. कुणाला सांगू नका.”

“म्हणजे बरा झाला?” भोंग्याने वहिनीच्या कानाशी लागून विचारलं. त्याला कुजबुजता येतं हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

“नाही हो भावजी. एक डुलकी लागली. रात्री परत छत बघतील कदाचित. पण आज सांगून झालं ना.” तिने आपली ओढणी काढून दादाच्या मांडीवर घातली.

बाहेर पुन्हा टकटक झाली. आत्या उठली. आपला पदर सारखा करून ती दुकानात गेली, दार मागे अलगद ओढून घेतलं आणि गर्दीसमोर उभी राहिली. भोंग्याच्या स्टुलाची तिला गरज नव्हती.

“आजचा कार्यक्रम संपला,” ती म्हणाली. “घरात माणूस झोपलंय. पायांचा आवाज न करता जा.”

आणि लोक खरोखरच चवड्यांवर निघून गेले. एकाने तर गाडी फुटपाथच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली, मगच सुरू केली.

लॉजवाले तेवढे उरले. ते खुर्चीवरून उठले, जवळ आले, आणि दबक्या आवाजात म्हणाले, “थोरले?”

“हो.”

“कुठल्या गादीवर? मला तशाच द्या. सगळ्या खोल्यांना.”

आत्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. जन्मभर तिने गाद्याच विकल्या होत्या. आत अण्णांनी ताकीदही दिली होती. ती क्षणभर काचेतल्या रिकाम्या गादीकडे बघत राहिली.

“बाकावर झोपलाय,” ती म्हणाली. “आधी पोटातलं बोलला, मग झोपला. आमची गादी उत्तम आहे, पाठ धरत नाही, वर्षानुवर्षं बसत नाही. पण हे तिच्यात शिवता येत नाही मला.”

 हातातली टोपी लॉजवाल्यांनी उलटी केली, सुलटी केली. “गाद्या घेतोच मी,” ते म्हणाले. “लोकांसाठी. आणखी एक विचारायचं होतं. बोलला म्हणालात, ते कुणाजवळ? म्हणजे... कुठे बसतात, काही ठरलेलं असतं का? माझ्या एका ओळखीच्या माणसाला...”

आत्याने त्यांच्या डोळ्यांखाली पाहिलं. शिवणकाम करणाऱ्याची नजर; उसवलेलं लपत नाही.

“औषधाच्या दुकानावर जिना आहे,” ती म्हणाली. “तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, बेताने चढ. बाई चांगल्या आहेत. कोचाच्या कडेला शिवण गेलीय, तिकडे लक्ष देऊ नका म्हणावं. गुरुवारी मी सुई-दोरा घेऊन जाणारच आहे.”

लॉजवाल्यांनी मान लववली आणि तेही चवड्यांवर गेले. आत्याने खिडकीचा पडदा ओढला. तेवढ्यात आतून दादाच्या घोरण्याचा आवाज आला, आधी बारीक, मग खर्जात उतरलेला. काच थरथरली नाही, शिट्टी वाजली नाही. सूर तर साफ बेसूर होता, आणि तो ऐकायला काचेबाहेर कुणीही उभं नव्हतं.